अकरा पिंपांना दिलेला निरोप

कोब्लेन्झ, ९ नोव्हेंबर १९५७
चि. लोरेंझ यास,
अ. उ. आ. बाबा जिवंत आहेत. मंगळवारी दवाखान्यातून तुला फोन आला, तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाबद्दलचा होता. आज बाबांनी सूप प्यायलं आणि त्याला नावंही ठेवली. सोमवारी घरी पाठवते. तेव्हा रडणं पुरे. मळ्याच्या उतारावर ज्या तालीवरून, त्या दगडी पायरीवरून, ते पडले, तिथे एल्बलिंगची द्राक्षं उरली असतील, ती आधी उतरव. आणि तळघरातल्या वाईनच्या पिंपांना अजून काही सांगितलं नसशील, अशी आशा आहे. तुझा आळस एकदा तरी कामी येऊ दे.
रागावले तरी तुझीच,
हेडविग

वरचा मळा, २० नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि. सांगून बसलो होतो गं. मालक गेल्याचं त्याच दिवशी कळवलं नाही तर वाईन नासते, हे तूच शिकवलंस. अकराही पिंपांवर तीनदा ठोकून म्हणालो, ‘तुमचा मालक गेला. आता मालक मी.’
डॉक्टर म्हणतात, बाबा ठणठणीत आहेत. पण ते तळघरात उतरले की अकराही पिंपांत आंबत असलेला रस खदखदायचा थांबतो. ते वर आले की पुन्हा सुरू. बाबांना कशालाच चव लागत नाही. आठ दिवस पोटात अन्न नाही, हात बर्फासारखे. नाताळ पाहतील असं वाटत नाही. ‘चूक झाली, मालक आहेत,’ असं पिंपांना रोज सांगतो. ऐकत नाहीत. काय करू?
शिव्या घाल, पण उत्तर पाठव.
तुझा लोरेंझ

कोब्लेन्झ, २२ नोव्हेंबर
चि. लोरेंझ यास,
अ. उ. आ. एवढा घोडा झालास, तरी अक्कल नाही! मालक परत आल्याचं पिंपांना कळत नाही. त्यांना फक्त गेलेला कळतो, आजोबा हेच म्हणायचे. मी पुढच्या शनिवारी येते. तोवर तळघरात पाऊल टाकलंस तर याद राख.
तुम्हा दोघांच्या काळजीत,
हेडविग

वरचा मळा, २७ नोव्हेंबर
चि. हेडी हीस,
अ. आ. म्हातारा सुधारला बरं का! काल सकाळी लोरेंझ खाली पिंपं ठोकत होता. जिन्यावरून ऐकलं, ‘लोरेंझ गेला. मालक बाबाच.’ म्हटलं, गाढवा, हा काय खेळ? नुसता हसला. दुपारी मला कडकडून भूक लागली. डुकराचं मांस, बटाटे, सगळं फस्त! तळघरही नुसतं खदखदतंय.
पोरगा मात्र कालपासून वरच्या तालींवर वेली छाटतोय. छाटणीला अजून महिना आहे. बर्फ पडतंय, अंगात कोट नाही. म्हणतो, थंडी वाजत नाही. आत्ता तीनदा हाक मारली, वळूनही पाहिलं नाही. शनिवारची वाट पाहू नकोस, पत्र मिळताच निघ. तुझं तरी ऐकेल.
तुझा,
बाबा