सुतकाची ओळ

पुणे,
दि. ४ ऑक्टोबर २००९

प्रिय यशवंतदादास,
बाबलीचा नमस्कार. मी बरा आहे. इथला पाव तोंडात धरवत नाही, आपल्या पदेराच्या भट्टीतला गरम उंडो आठवतो. वहिनीचा खोकला थांबला का? ही माझी तिसरी नोकरी, पण हिच्यातून पळालो नाही, हे आधीच लिहितो.

इथं आमच्या वरिष्ठ सुलोचनामॅडमनी मला एका कारखान्याच्या जुन्या कोडवर बसवलंय. देवळात दिवा लावायची पाळी कुठल्या घराची, हे सांगणारा तुझा प्रोग्राम होता ना, तसाच, वरून खाली एकसलग. मी लगेच म्हटलं, "मोडून क्लासमध्ये, म्हणजे सुटे कप्पे पाडून, नवा लिहितो."

मॅडम म्हणाल्या, "नववी नापास ना तू? मग लिहिणारा तुझ्यापेक्षा शहाणा होता असं धरून चाल. आतल्या ओळीला हात लावायचा नाही. बाहेरून क्लासचं वेष्टण घाल. लोकांनी वेष्टणाला विचारायचं, वेष्टणानं आतल्या कोडला."

दादा, हेच तू पेडण्यात सांगितलं होतंस. "चलता न्हय? मागीर हात लावू नको, शाण्या!" मी हसलो होतो.

आता खरं लिहितो. गेल्या वर्षी तू फोंड्याला गेलेला असताना मी तुझा प्रोग्राम मोडून माझ्या पद्धतीनं लिहिला. एक ओळ फालतू वाटली म्हणून काढली. सुतकातल्या घराची पाळी पुढच्या घराला जाते, पण सुतक फिटल्यावर ती परत द्यायची, ती ओळ.

कमलाक्षीकाकीचे यजमान वारले, नेमके तिच्या घराच्या पाळीच्या तोंडावर. सुतक फिटल्यावर काकी तेलाचा तांब्या घेऊन देवळात आली, तर यादीत तिचं घरच नाही, दुसऱ्यांची समई पेटलेली. देवळाचा कारभार बघणारे महाजन म्हणाले, आता थेट पुढच्या फेरीला, चार वर्षांनी. काकी सत्तरीची. तू उठून म्हणालास, "चूक माझी." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. आठवड्यात मी पुण्याची गाडी पकडली.

सोबत सीडी आहे. आत तुझा जुना कोड, मोडण्याआधी प्रत ठेवली होती तो, जसाच्या तसा, एक स्वल्पविराम हलवलेला नाही. वेष्टण तेवढं माझं. गेल्या वर्षीचं सुतक घालून चालवला, तर काकीचं घर सगळ्यात वर आलं, राहिलेली पाळी म्हणून.

दिवाळीआधी येतो. महाजन बसतील तेव्हा मीच उभा राहीन. तू मध्ये बोलायचं नाहीस. काकीला मात्र आजच सांग, तांब्या घासून ठेव.

ज्याची चूक तू अंगावर घेतलीस तो,
तुझा
बाबली