बोगस दीदीजींची थप्पड

चि. हरखितला शाळेतल्या दीदीजींचा आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय, त्यामुळे अक्षर तुझ्या पहिलीतल्यासारखं आलंय. उजवं मनगट काल पाटण्यात तूच मोडलंस.

आमच्या विद्यापीठाला मान्यता नव्हती, म्हणून कोर्टाने आमच्या बी.एड.च्या पदव्या रद्द केल्या, नोकऱ्याही गेल्या. त्याविरुद्धच मोर्चा होता. पोलिसाच्या वर्दीत तू आधी वाकून माझ्या पाया पडलास, "दीदीजी, वरून हुकूम आहे" म्हणालास, आणि मग काठी घातलीस. शेजारच्या मास्तरांचं डोकं फुटून माझी साडी रक्ताने भिजली. तुझा साहेब ओरडत होता, "हाणा या बोगस मास्तरणींना." तेव्हा मी डाव्या हाताने तुझ्या थोबाडीत दिली. ओठ फाटला ना? फाटू दे.

म्हणे बोगस. मग तुला अक्षरं कुणी शिकवली, तुझ्या साहेबाने?

आज पोलीस ठाण्यात तुझी फिर्याद मला वाचून दाखवली. तू लिहिलंयस, "मला माझ्या शिक्षिकेने मारलं." सरकारी कागदावर, सही-शिक्क्यानिशी, मला शिक्षिका म्हणणारा आता तूच एक उरलास. माझा वकील तो कागद कोर्टापुढे ठेवणार आहे.

म्हणून हे पत्र टाकत नाही. टाकलं आणि साहेबाच्या हाती लागलं, तर तो तुला तो शब्द खोडायला लावेल.

मोडक्या हाताची तुझी दीदीजी,
सुनयना देवी