गायरानातला तरवड

पुणे, बुधवार

ती. आईस,
शालू लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर माझ्या तोंडून वाईटसाईट गेलं असतं, म्हणून लिहून राह्यले.

माझ्या चित्रांचं प्रदर्शन चांगलं झालं. आपल्या गायरानातल्या तरवडाचं पिवळंजर्द चित्र सगळ्यात मोठं लावलं होतं. लोक विचारायचे, ही फुलं कुठली? मी ऐटीत सांगायचे, आमच्या धावडा गावची. गायरान राखलं तरच राहतील. पेपरातही तेच छापून आलं.

काल कल्याणनं फोटो पाठवला. मागं जेसीबी आणि पुढं तुझा लेक हसत उभा. खाली लिहिलंय, "ताई, तुझ्या सत्काराच्या मंडपासाठी गायरान साफ केलं. बिलकुल काडी ठेवली न्हाई."

कल्याण, हे पत्र तूच आईला वाचून दाखवत असशील. थांबू नको, वाच. पेपर तरी वाचला होता का रे? का नुसता माझा फोटो पाह्यला?

बॅनरवर माझं तरवडाचं चित्र छापलंय म्हणे. बराबर आहे, आता तेवढंच उरलं.

आई, मी येईन, गावाचं मन मोडणार न्हाई. पण नवरात्रात तू घटाला रोज तरवडाच्या फुलांची माळ घालतेस, ती यंदा कशाची घालशील? माझ्या गळ्यातला सत्काराचा हार उतरवून देते. तोच घाल देवीला.

तुझी,
शालू