मावशीचं हट्टी रक्त

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वॉर्डात तापाचे रुग्ण सांभाळता सांभाळता तू स्वतः आडवी झालीस आणि उठलीस. नंतर दिलेल्या तुझ्या रक्तातली एक अँटीबॉडी आमच्या प्रयोगशाळेत आहे. आज सरांनी ती फेकून द्यायला सांगितली. विषाणूचं प्रोटीन आम्ही प्लास्टिकच्या ताटलीला चिकटवतो आणि कोणती अँटीबॉडी त्याला धरते ते बघतो. तुझी ढिम्म! बिनकामाची आहे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. चिकटताना प्रोटीन चपटं होतं, त्याची घडी मोडते. तुझी अँटीबॉडी त्या घडीलाच ओळखत असली तर? जिवंत विषाणूवर चाचणी होईपर्यंत फेकणार नाही, असं तोंडावर सांगून आले. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. आईला कळवू नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी भाची

१० मार्च

चि. भांडकुदळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईनेच आधी फोडलं. त्यामुळे गुपित संपलं. मी पुन्हा वॉर्डात जाऊ नये म्हणून ताईने माझा गणवेश कपाटात कोंडलाय आणि किल्ली कमरेला लावून फिरतेय. तिकडे माझं रक्त बिनकामाचं, इकडे मी!

खरं सांगू? भीती वाटते. मी नुसती नशिबाने वाचले असेन तर? तरी फेकू नकोस. हरायचं तर लढून हरू.

जेवत जा. लोभ आहेच.
तुझी मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

जिंकलीस! जिवंत पेशींवर विषाणू सोडला. इतर ताटल्यांतल्या पेशी मेल्या, तुझी अँटीबॉडी घातलेल्या तगल्या. विषाणू ज्या टोकाने पेशीला धरतो, त्याच टोकाच्या घडीवर ती जाऊन बसते. मग त्याला आत शिरताच येत नाही. सर सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. शेवटी म्हणाले, जपून ठेव.

पण शेफारू नकोस. विषाणू रूप बदलतो. वॉर्डात मास्क घट्ट बांध.

तुझीच,
भांडकुदळ

९ एप्रिल

चि. भांडकुदळीस,
आशीर्वाद.

पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले, किल्ली मात्र दिली नाही. मग काल मी साध्या कपड्यांतच कामावर गेले. दुपारी बघते तर वॉर्डाच्या दारात ताई उभी, हातात माझा गणवेश, कडक इस्त्री केलेला. मास्क तेवढा तिने स्वतः बांधला, इतका घट्ट की कान अजून दुखतायत.

तुझी मावशी