सातव्या महिन्यातली साखळी

२२ जुलै

आज नोकरीचा पहिला दिवस. ताइपेईतली खोली सोडताना रडू येईल असं वाटलं होतं, पण इथे ताइनानला सकाळी आईच्या हातची माशाची पेज समोर आली आणि मी ताइपेईला साफ विसरले. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहत होती. आता कुणाला तरी दिवसभर सूचना देता येतात म्हणून ती खुशीत आहे. छत्री घे, चप्पल नको बूट घाल, पहिल्याच दिवशी साहेबांशी वाद घालू नकोस, असं सगळं दारापर्यंत चाललं होतं.

ऑफिस छोटं आहे. फोनवर जपानी शिकवायचं अ‍ॅप. गाओ साहेब अर्धी चड्डी घालून येतात आणि सगळ्यांना 'मित्रा' म्हणतात. शेजारच्या टेबलावर वेन-जिए. वयानं मोठी, सगळ्या ऑफिसची ताई. तिनं आल्या आल्या मला मागच्या खोलीतली यंत्रं दाखवली. प्रत्येकावर हिरव्या पुडीतला कुरकुरा खाऊ ठेवलेला. तो खायचा नाही आणि शिळा होऊ द्यायचा नाही, नाहीतर यंत्रं रुसतात म्हणे. गाओ साहेब हसतात, पण त्या पुड्यांना हात मात्र तेही लावत नाहीत.

शिकवणारे वेगळे आहेत. माझं काम माणसांना चिकटवून ठेवायचं. लोक हौसेनं येतात आणि चार दिवसांत गळतात. अ‍ॅपमध्ये आमचं एक खवले मांजर आहे. रोज धडा केला की त्याचा एक खवला सोनेरी होतो, चुकलात की ते अंग चोरून गोळा होतं आणि तुमच्याकडे पाठ करतं. इतकं गोड आहे मेलं की मीच संध्याकाळी दोन धडे करून बसले.

२६ जुलै

माझी पहिली कल्पना पास झाली! नवी सवय लावायची तर ती जुन्या सवयीच्या शेपटीला बांधावी. आणि ज्याची वाट बघत अख्खं गाव जवळजवळ रोज हातात पिशवी घेऊन गल्लीत उभं असतं, अशी गोष्ट एकच: कचरागाडी. तेव्हा हात रिकामा, डोकं रिकामं. मी म्हटलं, गाडीचं गाणं ऐकू आलं की एक धडा. गाओ साहेबांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, मित्रा, तू इतके दिवस होतीस कुठे?

आईनंही आमचे धडे पुन्हा सुरू केलेत. बाबा आणि ती मिळून शिकायचे. बाबांना तिला जपानमधल्या होक्काइदोचा बर्फ दाखवायचा होता. स्कूटरचं दुकान चालवून दमून यायचे आणि तेलकट बोटांनी धडा करायचे. शेवटी इस्पितळाच्या खाटेवरही. आता ती गल्लीत उभी राहून एकटीच पुटपुटते. मला बरं वाटलं.

वेन-जिएनं केलेली 'जोडी-साखळी' फार चालते. न चुकवलेल्या दिवसांची दोघांची मिळून एक साखळी, एकानं चुकवलं की दोघांची तुटते. आठवण करून देणारा मजकूर मी लिहिला: 'आज तुमच्यामुळे त्यांची साखळी तुटेल.' जरा दुष्टपणा आहे, पण लोक धावत येतात.

२ ऑगस्ट

सोडून गेलेल्यांना परत आणायचंय. यादी लांबलचक. वेन-जिए रजेवर, म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. थोड्या जणांवर करून पाहिलं: नुसतं 'नमस्कार' म्हटलं तर कुणी बघत नाही, आडनावासकट पूर्ण नावानं हाक मारली की लगेच उघडतात. मग तसंच ठरवलं. पूर्ण नाव, आणि पुढे: 'परत ये. तुझी जागा राखून ठेवलीय. रोज आलास तर ती कायमची तुझी.' रविवारी दिवेलागणीला सगळ्यांना एकदम जाईल.

५ ऑगस्ट

माणसं परत आली. ढिगानं आली. गाओ साहेब नाचायचे बाकी होते.

वेन-जिए रजेवरून आली, माझा मजकूर वाचला आणि खुर्चीत बसलीच. विचारलं, पेइ-रोंग, तुमच्या घरात कॅलेंडर नाही का गं? काल चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्याचा पहिला दिवस. गेलेल्यांचं दार उघडलं काल, महिनाभर ते इकडे फिरणार. या महिन्यात पोटच्या पोरालासुद्धा तिन्हीसांजेला पूर्ण नावानं हाक मारत नाहीत, आणि तू हजारोंना मारलीस? वर जागा राखलीय म्हणून सांगितलंस?

मी म्हटलं, भाऊमंडळी जपानी शिकून काय करणार, जिए? (भूत हा शब्द या महिन्यात तोंडातून काढायचा नसतो, भाऊ म्हणायचं, एवढं मलाही कळतं.) ती हसली नाही. जेवायच्या सुट्टीत ती देवळात जाऊन आली.

९ ऑगस्ट

एक गोष्ट खटकते आहे. परत आलेल्यांतले निम्मे नेहमीसारखे आले, गळले. उरलेले एक दिवसही चुकवत नाहीत. ताप येत नाही, लग्नकार्य नाही, कंटाळा नाही. सगळे दिवेलागणीलाच येतात. गाओ साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, असे विद्यार्थी आयुष्यात पाहिले नाहीत म्हणाले.

बोलण्याच्या सरावात आवाज नीट येतोय का हे मला तपासावं लागतं. त्यांचे आवाज ऐकले. कुणी कीलुंगचा, कुणी ताइतुंगचा, पण प्रत्येकाच्या मागे कचरागाडीचं गाणं, त्याच ओळीवर थांबलेलं. एक बाई 'ही छत्री तुमची आहे का' हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. उच्चार अगदी स्वच्छ. किती तरी वेळानं माझ्या लक्षात आलं की ती मध्ये श्वासच घेत नाहीये. मी कानातलं काढून ठेवलं.

१२ ऑगस्ट

आई कचऱ्याची पिशवी तशीच हातात घेऊन वर आली. हसत होती. बाबांनी जोडीसाठी बोलावणं पाठवलं म्हणाली, आणि मी हो म्हटलं.

मी फोन हिसकावून पाहिला. लाय छ्वान-फू. पूर्ण नाव. माझ्या यादीत बाबा होते. इतकी नावं होती, मी कुठे एकेक वाचली! बाबांचा फोन कपाटात तसाच पडलाय. काढून बघितला, बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलंय. चालू होणं शक्यच नाही.

आई शांतपणे म्हणाली, तो नाही गं, वेडे. गेलेल्यांना पाठवतात तसा, मी त्यांच्या सातव्या आठवड्याच्या विधीला कागदाचा फोन जाळून पाठवला होता, तो. चार्जरसकट घेतला होता. दुकानदार म्हणत होता चार्जर कशाला, मी म्हटलं तुला काय करायचंय?

तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा केसांना तेल लावलं. मला रागावताही येईना.

१६ ऑगस्ट

ऑफिसनं खाली रस्त्यावर भाऊमंडळींसाठी टेबल मांडलं. शेवया, डबाबंद कॉफी, बिस्किटं, हातपाय धुवायला पाण्याचं घमेलं आणि कोरा टॉवेल. दरवर्षी मांडतात. वेन-जिएनं उदबत्ती धरून विचारलं, पोट भरलं का, आता वेळेवर परत जाल ना? होय की नाही ते कळायला लाकडी कौल जमिनीवर टाकले. नाही. पुन्हा टाकले. नाही. टॉवेल ओला झाला होता. कुणी वापरला ते मी विचारलं नाही.

तशीच ती मला देवळात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चिडलाच. म्हणाला, आलेल्याला जेवू घालायचं आणि वाटेला लावायचं, एवढं साधं काम. तुम्ही लोकांनी त्यांना सवय लावलीत! महिनाअखेरीला दार लागेल तेव्हा सगळ्यांना आत जावंच लागणार. पण साखळी तुटू नये म्हणून ते जोडीदाराचा हात सोडणार नाहीत, ओढत नेतील. त्याआधी जोडीतल्या एकानं एक दिवस चुकवलं की दोघंही मोकळे.

एक दिवस! मी घरी येताना जवळजवळ धावत आले. आईला फक्त एक दिवस चुकवायला सांगायचं.

२१ ऑगस्ट

आई ऐकत नाही. हात जोडले, ओरडले, रडले. ती म्हणते, माणूस नळ्या लावलेल्या हातानं धडे करत होता, आणि त्याची साखळी मी माझ्या हातानं तोडू? माझ्यामुळे?

'तुमच्यामुळे त्यांची साखळी तुटेल.' माझंच वाक्य. माझ्याच आईला लागू पडलंय.

आज बुधवार. बुधवारी गाडी येत नाही. तरी गाणं आलं. आई रिकामी पिशवी घेऊन खाली गेली. मी खिडकीतून पाहिलं. ती एका बाजूला सरकून उभी होती, शेजारी कुणाला तरी जागा देऊन.

२५ ऑगस्ट

बाबांच्या सरावाचे आवाज ऐकले. ऐकायचे नव्हते. आधी तो खोकला. मग धड्यातली वाक्यं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. 'माझी बायको तयार आहे. तिकिटं दोन आहेत. गाडी पुढच्या सोमवारी सुटते.'

शिकवणाऱ्यांना विचारलं. असा धडा आमच्याकडे नाही. कुणी लिहिलेलाच नाही.

उद्याचा नव्हे, त्यापुढचा सोमवार म्हणजे दोन तारीख. सातव्या महिन्याचा शेवटचा दिवस.

२८ ऑगस्ट

गाओ साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, मित्रा, माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी मी पुसून टाकू? तू झोप जरा. मी आणि वेन-जिएनं त्यांना न विचारता खाती पुसली. दिवेलागणीला सगळी परत होती. खवल्यांसकट.

वेन-जिए आपल्या मुलांना घेऊन लांब ह्वालिएनला गेली. जाताना मला धरून रडली. म्हणाली, आईला कुठेही घेऊन जा, जोडी-साखळी माझ्या डोक्यातून निघाली गं. पण आई दोन जिने उतरली की धापा टाकते. तिला नेऊ कुठे? आणि गाणं कुठे ऐकू येणार नाही?

३१ ऑगस्ट

आई जेवत नाही. पाणीसुद्धा मी चमच्यानं घालते. बोलते ते फक्त जपानी. 'तिकडे थंडी आहे का?' 'हो, फार थंडी आहे.' प्रश्न ती विचारते. उत्तर ऐकून मान डोलावते. मला उत्तर ऐकू येत नाही —

कपाटातून लोकरीचे कोट काढलेत. दोन. बाहेर अंगाची लाही होतेय आणि तिचे हात बर्फ.

१ सप्टेंबर

फोन काढून घेतला. तिला खोलीत कोंडलं. माझ्या जन्मदात्या आईला.

दारामागून धडा चालू होता. फोनशिवाय. भिंतीकडे तोंड करून. फोन माझ्या हातात बंद — आणि त्यावर खवला सोनेरी झाला. मी बघत असताना.

उद्या —

२ सप्टेंबर, सकाळ

मार्ग सापडला. जोडी-साखळीत आजारी माणसाची जागा घरच्या कुणी घ्यायची सोय आहे, जोडी न तोडता. आईचं नाव काढून माझं घातलं. लाय छ्वान-फू आणि लाय पेइ-रोंग. मला फक्त आज धडा करायचा नाही. बस. मी आई नाही, मी करणार नाही. साखळी तुटेल, बाबा सुटतील.

आईनं डोळे उघडले. भूक लागली म्हणाली. दोन वाट्या पेज खाल्ली. हे कोट भर उन्हाळ्यात कुणी काढले, म्हणून मलाच बोलली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. हात ऊबदार आहेत तिचे. आईचे हात ऊबदार आहेत.

२ सप्टेंबर, संध्याकाळ

जिन्यात बसलेय. बाहेरून कडी घातलीय, आई आत स्वयंपाक करतेय, तिला काही आठवत नाही. फोन खाली पायरीवर ठेवलाय. हाताला काम हवं म्हणून लिहितेय. लिहीत राहायचं. दार लागेपर्यंत.

गाणं आलं.

गल्लीत सगळे उभे आहेत. पिशव्या घेऊन. कुणी हलत नाही. गाडी त्याच ओळीवर थांबलीय —

बाबा आलेत. वर बघत नाही मी. तेलाचा वास येतोय, दुकानातला. खोकतायत.

धड्यातली वाक्यं म्हणतायत. म्हणू देत. छत्री. तिकीट. थंडी. मी ऐकत नाही —

थांबले.

आता जपानी नाही. वॉशर म्हणाले. वॉशर, बाळा. दुकानाच्या फरशीवरून मी वॉशर वेचायचे म्हणून — ते नाव कुठल्या धड्यात नाही, आईसुद्धा त्या नावानं — फक्त बाबा —

पाय दुखतात म्हणतायत. महिनाभर उभाच आहे म्हणतायत. तिकडे कुणी बोलायला नसतं गं. आई नको, आईला राहू दे, तू केलंस ते बरं केलंस. तू फक्त एक धडा कर. माझ्यासाठी. मग मी जातो —

आई वरून हाक मारतेय. जेवण गार होतंय म्हणतेय. कडी का लावलीस विचारतेय —

येते आई. आले. दोनच मिनिटं. इतके महिने खाटेवर त्यांनी एक दिवस चुकवला नाही, आणि मी, माझ्यामुळे — एकच तर धडा. एका धड्यानं असं काय होणा