भिंतीकडे तोंड करून

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमची थोडी थट्टा करायला हरकत नसावी. पेणच्या तुमच्या दोन खोल्यांच्या फिजिओथेरपी केंद्रात आम्ही विद्यार्थी शिकायला यायचो, तेव्हा आमचा ठाम समज होता की तुम्ही आळशी आहात. पहिल्यांदा स्वतः करून दाखवायचं, दुसऱ्यांदा आमचे हात धरून करून घ्यायचं, इथवर सगळं यथासांग. तिसऱ्यांदा मात्र पेशंट आमच्या स्वाधीन करून तुम्ही स्टूल फिरवायचात आणि भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचात. मी मिठागरावरच्या एका आजींचा आखडलेला खांदा उचलतेय, आणि दर खेपेला मान वळवून तुमच्या पाठीकडे बघतेय, बरोबर चाललंय ना म्हणून. तुम्ही न वळताच म्हणता, "माझ्याकडं काय बघतेस गो? मला नाय दुखत." आजी दात नसलेल्या तोंडानं मनापासून हसल्या. मी आठवडाभर फुगून होते.

आता रोह्यात माझ्या हाताखाली इंटर्न येतात. यंदाची मुलगी हुशार, म्हणजे पाठांतरात. लहानपणी आमच्या वडिलांनी आमच्याकडून 'देवः देवौ देवाः' घोकून घेतलं, त्याच चालीत ती स्नायूंची नावं म्हणते. पण पेशंटला हात लावायची वेळ आली की तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर. मी भुवई उचलली की हात मागे, मान हलवली की पुढे. गेल्या आठवड्यात दोनदा ती अशीच अडखळली आणि पेशंट अर्धवट उठून पुन्हा खुर्चीत बसले. संध्याकाळी मला म्हणाली, "मॅडम, हे काम माझं नाही. मी शुक्रवारी हे सोडून घरी जाते. वाचायला सांगा, कितीही वाचीन."

ते पेशंट कंपनीत शिफ्टला जाणारे गृहस्थ. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. त्यांची मागणी एकच. पहिल्याच दिवशी बायकोदेखत म्हणाले होते, "मला मोरीत जायला हिचा खांदा नको. बाकी कायपन राहू दे." त्यासाठी आधी खुर्चीतून उठता यायला हवं, आणि अजून एकदाही ते जमलेलं नव्हतं.

गुरुवारी मी मुलीला म्हटलं, "आज तू एकटी," आणि स्टूल फिरवलं. पेशंट वाऱ्यावर सोडला नव्हता हो. समोरच्या कपाटाच्या काचेत मला सगळं दिसत होतं, आणि मी दोन पावलांवरच होते. तरी सर, भिंतीकडे बघत गप्प बसणं किती कष्टाचं असतं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. काचेत ती माझ्या पाठीकडे बघत होती. पाठीला भुवया नसतात. शेवटी तिचे डोळे खाली, त्यांच्या पायांकडे गेले.

"काका, थांबा. हा पाय पुढं राहिलाय तुमचा. म्हणूनच उठता येत नाहीये." ती खाली बसली, तिनं पाऊल मागे घेतलं, टाच टेकवली.

"गुडघा धर गो त्यांचा," बायकोचा आवाज. "न्हाय तर मुडपंल."

"धरलाय, काकू. आता तुम्ही जरा गप्प बसा."

पुस्तकात नसलेलं तिचं हे पहिलं वाक्य. मी स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली.

"नाक माझ्या खांद्यापर्यंत आणा, काका. अजून. अजून पुढं."

"पडन मी."

"पडलात तर माझ्यावर पडाल. चला."

खुर्ची करकरली. मग काकूंचं ओरडणं, "अगो बाय, उभं र्‍हायलं!" पाठोपाठ काकांचा वैतागलेला आवाज, "ओरडतेस काय, पाडशील ना मला." तेव्हा कुठे मी वळले. दोघंही थरथरत होती, तो पाय जास्त की ती मुलगी, सांगणं कठीण. मुलीचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्यांच्या गुडघ्याकडे बघत होती.

नंतर तिला शाबासकी देण्याऐवजी मी तुमच्यासारखंच विचारलं, "काय दिसलं?" ती बोलत सुटली: पाय, टाच, वजन कुठून कुठे गेलं, ते घाबरले तेव्हा श्वास कसा अडकला. त्या बडबडीत एकही पाठ केलेलं वाक्य नव्हतं. शुक्रवारी ती घरी गेली नाही. गृहस्थांना मोरीपर्यंत पोचायला अजून पुष्कळ दिवस लागतील, पण आता रोज सकाळी ते तिचं नाव घेऊनच आत येतात, आणि मी त्या खोलीत आहे की नाही याची दोघांनाही फिकीर नसते. थोडं लागतं मनाला. तुम्हालाही लागत असेल, म्हणूनच चहा लागत असावा.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. काल मुलीनं विचारलं, "मॅडम, पाठ फिरवून बसायची ही पद्धत कुणाची?" मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "माझीच." आणि सर, अगदी खरं सांगते, म्हणताना फार बरं वाटलं.