स्वप्नातला दात

ती. ताईस,

अकरा महिन्यांचे तुंबलेले नमस्कार एकदमच पाठवतो. गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? (माझं पत्र आल्याचं त्यांना सांगू नकोस. लगेच शहाणपण शिकवतील.)

तुझी व्हॅम्पायरची कादंबरी वाचली. तू म्हणशील, छापखान्यात मुद्रितं तपासणारा तूच, मग आत्ता कशी वाचलीस? अगं, मुद्रितं तपासणारा वाचत नाही, अक्षरं तपासतो. त्यातून तू हस्तलिखित परस्पर मालकांकडे दिलंस, माझं नावही काढलं नाहीस, तेव्हा मीही ठरवलं की फक्त काना-मात्रा बघायच्या. (ठरवलेलं पाळलं.) पुस्तक बांधून आल्यावर एक प्रत घरी आणली आणि खिडकीत बसून पहिल्यांदा माणसासारखी वाचली.

अकराव्या प्रकरणातल्या स्वप्नापाशी अडकलो. तीनशे वर्षांचा तो व्हॅम्पायर स्वप्नात पुन्हा लहान होतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रुसून बसतो. (उंबरा आपलाच. डावीकडे टवका उडालेला.) आईची खुर्ची रिकामी. मग त्याची थोरली बहीण येते आणि 'तिने दात पुढे केला.' तो नुसता बघत राहतो, आणि त्याला जाग येते.

या दातानं इथे धुमाकूळ घातलाय. वाचनालयात निवृत्त मास्तर त्यावर तासभर बोलले: दात म्हणजे काळ, आणि तो एकच, कारण काळ एकच असतो. एका बाईंनी विचारलं, दाढ असती तर? मास्तर रागावले. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी ते वाक्य चौकटीत घालून दवाखान्यात लावलंय.

खरा अर्थ मात्र मी ओळखला. आईला शेवटी एकच दात उरला होता. कवळी आणायचं काम माझ्याकडे होतं, माप झालं होतं, आणि 'पुढच्या आठवड्यात' म्हणत मी चार महिने काढले. आई मऊ-पातळ खाऊनच गेली. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "शेवटचा घास चावून खाता आला नाही तिला, तुझ्यामुळे." मी म्हणालो, "लांब राहून बोलायला काय जातंय तुझं?" तिथून आपलं बोलणं बंद. तू माझ्यावर दात धरून आहेस हे ठाऊक होतं. पण तो तू छापशील, आणि तोही माझ्याच हातून, असं वाटलं नव्हतं.

ताई, तो आळस नव्हता. माप घेताना कोपऱ्यावरच्या याच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता कशाला त्रास देता त्यांना?" त्यानंतर त्या दवाखान्याची पायरी मला चढवेना. चढलो असतो तर आई जाणार हे मान्य करावं लागलं असतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला फार वाईट वाटतं. तेव्हा दाताबद्दल माझी तक्रार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी कपाटातून तुझं हस्तलिखित काढून ते पान पाहिलं. तुझ्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय, 'तिने हात पुढे केला.' टाइप करणाऱ्यानेही हातच ठेवला होता. पण त्या पठ्ठ्याने पुस्तकभर बावीस ठिकाणी दातांचे हात केले होते ('त्याने तिच्या मानेत हात रोवले'), म्हणून मी लाल शाईने सरसकट हातांचे दात करत गेलो. तेविसावा तुझा होता.

ता. क. २ : मालक म्हणतात, लोकांना दात आवडलाय, दुसऱ्या आवृत्तीतही राहू दे. मी ऐकणार नाही. मास्तरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

ता. क. ३ : रविवारी यावं म्हणतो. पण बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम तुझ्याच पुस्तकात नवव्या पानावर आहे (तिथे एकही चूक नाही, आत्ताच पुन्हा पाहिलं). तेव्हा उलट टपाली 'ये' एवढं लिही. अक्षर ठसठशीत काढ, ताई. मी काहीही वाचतो.